दुसऱ्याच्या गळ्यासाठी चाल: शहापुरातल्या एका गाण्याच्या वर्गाचं प्रकरण

हे प्रकरण माझ्याच रविवारच्या वर्गातलं आहे. कुणाचंही नाव घेतलेलं नाही आणि ओळख पटेल असे एक-दोन घरगुती तपशील बदलले आहेत. सूर, पट्ट्या आणि चुका मात्र घडल्या तशाच लिहिल्या आहेत. लहान-मोठ्यांना एकत्र बसवून गाणं शिकवणाऱ्या कुणालाही यातलं काही ना काही उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

पार्श्वभूमी

बेळगावातला शहापूर, वडगाव, खासबाग हा पट्टा विणकरांचा. आमचा वर्ग भरतो ती माडी अशाच एका गल्लीत आहे. शेजारच्या घरात दोन यंत्रमाग आहेत आणि रविवारीही दुपारपर्यंत त्यांचा खडखडाट चालू असतो. नवीन आलेली मुलं पहिले दोन आठवडे कानावर हात ठेवतात, मग त्यांना तो आवाज ऐकूही येत नाही. विणकराच्या घरातल्या मुलांची लय मी कधी शिकवलेली नाही, ती पक्की होऊनच येतात. हा माझा पंधरा वर्षांचा अनुभव आहे.

आठवड्यातल्या इतर दिवशी माझे वर्ग वयाप्रमाणे आणि परीक्षेप्रमाणे लागलेले असतात. रविवारचा वर्ग उरलेल्यांचा. ज्यांना दुसरी कुठलीच वेळ जमत नाही ते सगळे दहा ते बारा या वेळात येतात. ज्या वर्षाची ही हकिगत आहे त्या वर्षी चौदा जण होते. ८ ते ११ वयाची सहा मुलं, १३ ते १६ वयातले तिघं, तिशी-चाळिशीतल्या तीन बायका (एक बँकेत, एक शिवणकाम करणारी, एक गृहिणी), पोस्टातून निवृत्त झालेले एक काका आणि ६७ वर्षांच्या एक आजी. आजी खरं तर नातीला सोडायला यायच्या. दोन तास जिन्यात बसून राहण्यापेक्षा आत बसा म्हटलं, तर महिन्याभरात त्यांनी स्वतःची वही आणली.

या चौदांमध्ये दोन भावंडं कन्नड घरातली होती. घरी कन्नड, गल्लीत मराठी, शाळेत इंग्रजी. आमच्या भागात यात नवल काही नाही. आमच्या खाली धारवाड-हुबळी, वर मिरज-कोल्हापूर, आणि गाण्याच्या वाटा दोन्हीकडून इथे येऊन मिळतात. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ सालचा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. पेटीवादक पंडित रामभाऊ विजापुरे यांनी आयुष्यभर याच गावात विद्यार्थी घडवले. त्यामुळे बेळगावात गाणं शिकायला मूल घातलं की पालकांच्या अपेक्षा दोन असतात. एक, गणेशोत्सवात मंडपात गाता आलं पाहिजे. दोन, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वेळेवर झाल्या पाहिजेत, प्रारंभिकपासून पुढे. दोन्ही अपेक्षा रास्त आहेत.

वर्गाची पट्टी, म्हणजे पेटीवर षड्ज (सा) धरायची जागा, मी काळी चार (चौथी काळी पट्टी) ठेवली होती. मुलं आणि बायका मिळून बहुमत त्या पट्टीत आरामात गाणारं. काका खालच्या सप्तकात गायचे. आजी वरच्या सुरांना नुसते ओठ हलवायच्या. ते मला दिसत होतं, पण त्या हौसेने येतात, त्यांना परीक्षा द्यायची नाही, असं म्हणून मी सोडून दिलं. पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ या सोडून देण्यात आहे.

अडचण

त्या वर्षी वर्गात सर्वांत चांगला गळा एका नववीतल्या मुलाचा होता. आदल्या गणेशोत्सवात त्याने गायलेला अभंग गल्लीत अजून लोक आठवतात. ऑगस्टमध्ये उत्सवाच्या तालमी सुरू झाल्या आणि तार षड्जावर (वरच्या सप्तकातल्या सा वर) त्याचा आवाज फाटला. दुसऱ्यांदा फाटला तेव्हा पुढच्या ओळीतली दोन लहान मुलं हसली.

तेरा-चौदाव्या वर्षी मुलांचा कंठ वाढतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो. उतरताना तो सरळ जिना उतरावा तसा उतरत नाही, मधल्या पायऱ्या गायब होतात. हे मला माहीत होतं. तरी मी त्या क्षणी सगळ्यांसमोर म्हणाले, ‘‘तू आता काकांबरोबर खाली गा.’’ माझ्या दृष्टीने तो उपाय होता. त्याच्या दृष्टीने त्याला पहिल्या रांगेतून उचलून मागे बसवलं होतं. तीन रविवार तो आला, ओठ हलवत बसला, मग यायचा बंद झाला. आईने फोनवर सांगितलं, ‘‘घसा बसलाय टीचर, औषध चालू आहे.’’ घसा बसलेला नव्हता हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

दुसरी गोष्ट दिवाळीनंतर घडली. आठ वर्षांची एक मुलगी अलंकार (सुरांच्या सरावाचे पाठ) घोटताना मध्येच थांबली आणि स्वतःच्या चालीत गायला लागली, ‘मामा आला मामा आला, कुंदा घेऊन आला.’ कुंदा म्हणजे इथली खव्याची मिठाई. सुट्टीत तिचा मामा आला होता, एवढंच. पण चाल खरोखर तिची होती, पाच सुरांतली, समेवर नीट येणारी. बाकीची मुलं लगेच आपापल्या चाली लावायला लागली आणि वर्गाचा बाजार झाला. काकांना ते अजिबात आवडलं नाही. काका आमच्या भागातल्या एका भजनी मंडळात चाळीस वर्षं टाळ धरून उभे राहिलेले. ते म्हणाले, ‘‘बाई, आधी सूर लागू दे की ह्यांचा. चाली बांधायच्या त्या बांधणाऱ्यांनी बांधून ठेवल्यात.’’ त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. पण मुलांचे डोळे त्या दहा मिनिटांत जसे चमकले तसे वर्षभर अलंकार घोटताना मी पाहिले नव्हते.

म्हणजे अडचण एक दिसत होती आणि होत्या तीन. एका पट्टीत चौदा गळे कोंबलेले. मुलांना काहीतरी आपलं करायचं होतं आणि मोठ्यांना ते उथळ वाटत होतं. आणि एक चांगला मुलगा घरी बसला होता.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय सरळ होता, वर्ग दोन करायचे, लहानांचा आणि मोठ्यांचा. माडी मला रविवारी दोनच तास मिळते, म्हणजे प्रत्येकाला एक तास. तो वेळही चालला असता. पण आजी नातीबरोबर येतात, शिवणकाम करणाऱ्या ताई मुलाबरोबर, आणि कन्नड भावंडांना सोडायला कुणीच नसतं, ती त्या ताईंच्या बोटाला धरून येतात. वर्ग फोडला असता तर चार-पाच जण सुटलेच असते. शिवाय फुटलेल्या आवाजाचा मुलगा कुठल्या वर्गात बसणार? तो लहानही नव्हता आणि मोठाही नव्हता. वयाप्रमाणे केलेली कुठलीही वाटणी बरोबर त्याच्यावरूनच जाते.

दुसरा पर्याय परीक्षेप्रमाणे वाटणी. त्यात ८ वर्षांची मुलगी आणि ६७ वर्षांच्या आजी दोघी प्रारंभिकच्या गटात येतात, पट्टीचा प्रश्न तसाच राहतो.

तिसरा, सगळ्यांनी मिळून भजनं गायची आणि गुपचूप बसायचं. मनातून मी याच पर्यायाकडे झुकले होते हे कबूल करते. वर्ष निघालं असतं, कुणाची तक्रार आली नसती.

चौथा पर्याय मी डिसेंबरात दोन रविवार करून पाहिला. प्रत्येकाने स्वतःसाठी एक छोटी चाल बांधायची. फसला. मुलांनी आपल्याला सोपं जातं म्हणून सगळं तार सप्तकात नेलं. बायकांनी ओळखीच्या अभंगांच्या चाली थोड्या वळवून आणल्या. काकांनी वही उघडलीच नाही. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे आपली चाल गाऊन झाली की जो तो खिडकीबाहेर बघायचा. कुणी कुणाचं ऐकत नव्हतं.

पाचवा पर्याय त्या फसण्यातूनच सुचला. चाल स्वतःसाठी बांधायचीच नाही. दुसऱ्याच्या गळ्यासाठी बांधायची, आणि तो दुसरा आपल्या वयाचा नको.

काय केलं

जानेवारीच्या पहिल्या रविवारपासून गुढीपाडव्याच्या आदल्या रविवारपर्यंत बारा रविवार ठरवले. दोन तासांतला पहिला तास नेहमीचा, अलंकार आणि परीक्षेचे राग. दुसरा तास जोडीचा. सात जोड्या मी पाडल्या. पाच जोड्यांत एक मोठं माणूस आणि एक मूल, उरलेल्या चार मुलांच्या दोन जोड्या, त्यात एक मोठं आणि एक लहान.

त्याआधी एक काम होतं. मी त्या मुलाच्या घरी गेले. गा असं एकदाही म्हटलं नाही. म्हटलं, ‘‘जोड्या जोड्यांत फिरताना मला पेटीवर बसता येणार नाही, पेटीला माणूस पाहिजे.’’ ते खरंही होतं. त्याला पेटी थोडी येत होती. तो तीन मिनिटं काही बोलला नाही, मग विचारलं, ‘‘गायला लागणार नाही ना?’’ मी म्हटलं, नाही. पुढच्या रविवारी आला. त्याची जोडी मी आजींबरोबर लावली, कारण त्याच्या आवाजाला आजी हसणार नाहीत याची मला खात्री होती.

पहिले दोन रविवार कुणीही चाल बांधली नाही. फक्त जोडीदाराचा गळा तपासला. वहीच्या एका पानावर चार ओळी: खालचा कुठला सूर आरामात लागतो, वरचा कुठला लागतो, एका दमात किती मात्रा गाता येतं, आणि कुठली अक्षरं गाताना जड जातात. शिवणकाम करणाऱ्या ताई पान बघून म्हणाल्या, ‘‘टीचर, हे माप घेतल्यासारखंच की.’’ त्या दिवसापासून वर्गात त्या पानाला ‘माप’ हेच नाव पडलं. ताईंनी एक गोष्ट फार चांगली सांगितली. माप नेहमी गिऱ्हाईक सरळ उभं असताना घ्यायचं, छाती फुगवून उभं राहिलं की कपडा सैल होतो. मुलांना ते पटकन कळलं. वरचा सूर ओढून लावून दाखवायचा नाही, सहज येईल तोच लिहायचा.

चार मापांतून जे बाहेर आलं ते मला वर्षभरात कळलं नव्हतं. आजींचा षड्ज काळी चार नव्हताच, काळी तीन होता, आणि तिथूनही त्यांना तार षड्ज लागत नव्हता. मध्य धैवतापर्यंत (मधल्या सप्तकातल्या ध पर्यंत) आवाज छान जायचा, खाली मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) भरीव. दम सहा मात्रांचा. आणि कवळीमुळे ‘स’ वर शिट्टी वाजायची. तो मुलगा वहीत अगदी गंभीरपणे लिहीत होता: ‘स आणि श लांब सुरावर नको.’ आठ वर्षांच्या मुलीला खर्ज (खालचे सूर) माहीतच नव्हता. काकांचा आवाज वर जायचा, पण जाताना वाढायचा, हळू वर जाणं त्यांनी कधी केलं नव्हतं. त्यांची जोडीदार होती त्या आठ वर्षांच्या मुलीने लिहिलं, ‘काका वर गेले की ओरडतात.’ काकांनी ते वाचलं. चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, ‘‘खरं आहे.’’

आता काकांबद्दल. मी त्यांना आधी कुमार गंधर्वांचं उदाहरण देऊन पाहिलं होतं. १९४८ मध्ये आजारपणामुळे देवासला राहायला गेलेल्या त्या माणसाने माळव्यातल्या लोकधुना ऐकल्या आणि त्यातून नवे राग उभे केले. फैयाजखाँ ‘प्रेमपिया’ या मुद्रेने (टोपणनावाने) बंदिशी बांधत, कोल्हापूरचे जगन्नाथबुवा पुरोहित ‘गुणिदास’ म्हणून. बांधणारे कुणीतरी वेगळे नसतात, गाणारेच असतात. काका म्हणाले, ‘‘त्यांची गोष्ट वेगळी.’’ आणि त्यांचं बरोबर होतं, मोठी नावं घेऊन एखाद्याचा आक्षेप दाबता येतो, मिटवता येत नाही.

काम झालं ते दुसऱ्याच कारणाने. काकांची जोडी त्या आठ वर्षांच्या मुलीबरोबर होती. तिने तिची कुंद्याची ओळ पुन्हा म्हटली. काकांची बोटं सवयीने मांडीवर मोजू लागली. ‘‘थांब. मामा आला मामा आला, आठ अक्षरं. हा तर लहान अभंगाचा चरण झाला की! पण दुसरा सातच. दुसऱ्यातही आठ पाहिजेत आणि शेवट जुळला पाहिजे. ‘डबा कुंद्याचा आणला’ म्हण.’’

ती म्हणाली, ‘‘पण काका, डबा नव्हता, पुडा होता.’’

काकांनी पुन्हा बोटं मोजली. ‘‘पुडा पण बसतंय.’’

त्या दिवसापासून छंदाचं खातं काकांकडे गेलं. पुढचे दोन रविवार त्यांनी सगळ्या वर्गाला अभंगाची मोजणी शिकवली. मोठा अभंग सहा, सहा, सहा, चार, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. भजनी ठेक्याच्या आठ मात्रांत सहा अक्षरं कशी बसवायची, कुठलं अक्षर लांबवायचं आणि कुठलं लांबवलं की शब्द तुटतो. मी हे इतकं नेमकं शिकवू शकले नसते. विणकराच्या घरातली दहा वर्षांची एक मुलगी पुढच्या रविवारी हे घेऊन आली:

मागाचा आवाज । पहाटे ऐकते ।
आजीही जागते । माझ्यासंगे ॥

काकांनी बोटावर मोजलं, सहा, सहा, सहा, चार. मग विचारलं, ‘‘कुणी सांगितलं?’’ तिला प्रश्नच कळला नाही.

एका गोष्टीवर मात्र काका हटले नाहीत आणि मी त्यांच्या बाजूने निर्णय दिला. मुलं भूप रागाचे पाच सूर घेऊन चाल बांधायची आणि तिला ‘भूप’ म्हणायची. काका म्हणायचे, सूर आले म्हणून राग येत नाही, गंधारावर (ग वर) थांबत नाही तो भूप कसला. देशकार रागाचे सूरही तेच, पण तिथे धैवत राजा. म्हणून आम्ही ठरवलं, मुलं बांधतात ती ‘चाल’. तिला रागाचं नाव द्यायचं नाही. हा छोटा निर्णय वाटतो, पण त्यामुळे परीक्षेच्या रागांचा पहिला तास आणि चालींचा दुसरा तास एकमेकांत मिसळले नाहीत.

कन्नड भावंडांची जोडी बँकेतल्या ताई आणि गृहिणी ताई यांच्याबरोबर होती. शब्द कुठल्या भाषेत हा प्रश्न येणारच होता, आणि आमच्या गावात तो प्रश्न गाण्यापुरता राहत नाही. नियम मी पहिल्याच दिवशी सांगून टाकला: भाषा गाणाऱ्याची, बांधणाऱ्याची नाही. त्यामुळे बँकेतल्या ताईंना काउंटरवरच्या कन्नडात चार ओळी रचाव्या लागल्या, आणि भावंडांना मराठीत. भावंडांतला मुलगा सरगम म्हणताना ‘रि’ म्हणायचा, बाकीचे ‘रे’. मी बदलायला लावलं नाही. एक सुंदर गोष्ट त्या ताईंनीच हेरली. कन्नड शब्द बहुतेक स्वरावर संपतात, त्यामुळे शेवटचं अक्षर हवं तेवढं लांबवता येतं. मराठीत ‘आवाज’, ‘माग’ असे शब्द व्यंजनावर बंद होतात, तिथे सूर आधीच ठेवून मग शब्द मिटावा लागतो.

आणि आता मुख्य गोष्ट. सहाव्या रविवारी मी जिन्याजवळ दुसऱ्या जोडीपाशी होते. तो मुलगा पेटीवर एकटाच काहीतरी शोधत होता. आजींनी विचारलं, ‘‘काय करालाईस रे?’’ तो म्हणाला, ‘‘आजी, तुम्ही मघाशी म्हटलेली ओवी नुसत्या काळ्या पट्ट्यांवर वाजतीय.’’

पेटीवर एका सप्तकात काळ्या पट्ट्या पाच, एक दोनाचा जोड आणि एक तिनाचा. काळी तीन हा षड्ज धरून नुसत्या काळ्या वाजवल्या तर भूपाचे सूर मिळतात: सा रे ग प ध. त्याच पाच पट्ट्या, पण षड्ज काळी एकला धरला तर सा रे म प ध, म्हणजे दुर्गा रागाचे सूर. आजींचा षड्ज काळी तीन. फुटलेल्या आवाजानंतर त्या मुलाचा षड्ज उतरून आला होता काळी एकवर. आजींची ओवी चार सुरांतच फिरत होती, मंद्र पंचमापासून मध्य ऋषभापर्यंत (रे पर्यंत). तेच चार सूर त्या मुलाच्या हिशेबाने सा, रे, म, प. आजींचा मंद्र पंचम म्हणजेच त्याचा षड्ज.

मी जिन्याजवळून हे ऐकत होते. माझ्या मनात आलं होतं की उठावं आणि सगळ्या वर्गाला बोलावून मूर्च्छना (तेच सूर ठेवून षड्ज बदलणं) म्हणजे काय ते सांगावं. उठले नाही. बारा रविवारांत मी घेतलेला सर्वांत चांगला निर्णय तोच असावा. आजींना मूर्च्छना हा शब्द नको होता. त्या म्हणाल्या, ‘‘म्हणजे तू पण म्हणू शकतोस की माझ्यासंगं. वर जायचं कामच नाही.’’ आणि त्यांनी ओवी पुन्हा सुरू केली. दुसऱ्या ओळीत त्याचा आवाज आला, बारीक, घोगरा, पण सुरात.

जात्यावर बसून गायची ओवी दळणाऱ्या बाईच्या दमाला मापून बेतलेली असते. चार-पाच सूर, एका ओढीत एक ओळ, आवाज ताणायचा नाही कारण हातही ओढतायत. फुटत्या आवाजाच्या मुलासाठी याहून सुरक्षित काही मला सुचलं नसतं, आणि ते मी शोधलंही नव्हतं. आजींनी त्याच्यासाठी नवे शब्द बांधले, त्याच्या सायकलवर आणि दहावीच्या अभ्यासावर. त्याने आजींसाठी चाल बांधली, सहा मात्रांना श्वास घ्यायची जागा ठेवून, वरचा सूर धैवत. शब्द दोघांनी मिळून निवडले, लांब सुरावर एकही ‘स’ न येऊ देता.

तंबोऱ्याची एक खरी अडचण आली. आजींचं गाणं संपून मुलाचं सुरू होताना षड्ज बदलायचा होता, तंबोरा मात्र एकच. शेवटी मोबाइलवर दुसरा तंबोरा लावला आणि एकाचा आवाज हळूहळू कमी करत दुसऱ्याचा वाढवला. कानाला पहिले दोन वेळा विचित्र वाटलं, मग जमलं.

काय झालं

पाडव्याच्या आदल्या रविवारी त्याच माडीवर बैठक केली. पाडवा म्हणजे भावंडांच्या घरी उगादी, त्यांच्या आईने बेवू-बेल्ल आणलं, आम्ही कडुनिंब-गूळ. मंडप नाही, माईक नाही. चौदा चाली व्हायच्या होत्या, अकरा झाल्या. काकांनी कुंद्याचा अभंग गायला, वर जाताना आवाज न वाढवता, आणि ती मुलगी त्यांच्याकडे परीक्षकासारखी बघत होती. वर्गात त्या दिवशी सहा वेगवेगळ्या पट्ट्या वापरल्या गेल्या.

बिघडलं तेही सांगायला हवं. मुलांच्या दोन जोड्या अजिबात चालल्या नाहीत. १५ वर्षांची मुलगी ९ वर्षांच्या मुलीला आपली धाकटी बहीण समजून नुसती हुकूम सोडत राहिली, माप घेतलंच नाही. दुसऱ्या जोडीत दोघंही मस्ती करत राहिले. न झालेल्या तीन चाली याच दोन जोड्यांतल्या. वयातलं अंतर मोठं असलं की दोघांनाही एकमेकांचं नवल वाटतं. अंतर थोडं असलं की नुसता वरचष्मा राहतो.

एप्रिलच्या सत्रात प्रारंभिकला तिघं बसायचे होते. दोघं बसले आणि उत्तीर्ण झाले. तिसऱ्या मुलाची तयारी माझ्या मते कच्ची होती, मी पुढच्या सत्रात बसवू म्हटलं. त्याचे वडील रागावले, ‘‘तीन महिने तुम्ही मामा-कुंदा करत होता,’’ असं म्हणाले आणि जूनपासून मूल पाठवलं नाही. परीक्षेचा पहिला तास दर रविवारी झाला होता, उशिरा येऊन चुकवला तो त्या मुलानेच, हे माझ्याकडे हजेरीत आहे. पण वडिलांना ते मी वेळेवर सांगितलं नव्हतं.

आवाज फुटलेल्या त्या मुलाचं काय? तो येतो. पेटीला बसतो. जुलैपर्यंत आजींच्या ओवीपलीकडे काही गायला तयार नव्हता, मीही म्हटलं नाही. या गणेशोत्सवात मंडपात पेटीची साथ केली, गायला नाही.

पुन्हा करायचं झालं तर

माप वर्षाच्या सुरुवातीला घेईन, अडचण आल्यावर नाही. अकरा वर्षांच्या पुढच्या मुलग्यांचं दर तीन महिन्यांनी, आणि एकट्याला बोलावून. ‘‘खाली गा’’ हे चारचौघांत बोललेलं वाक्य मला परत घेता आलं असतं तर घेतलं असतं. आवाज फुटायच्या आधीच मुलाला आणि त्याच्या आईला सांगून ठेवायला हवं की असं होणार आहे, वर्षभर चालेल, हा आजार नाही, त्या काळात तार सप्तकाचा हट्ट धरायचा नाही आणि गाणं पूर्ण बंदही करायचं नाही.

वर्गाची एकच पट्टी ठेवणं सोयीचं असतं, पण ती सोय कुणाच्या जिवावर चालली आहे ते बघायला हवं. आजी वर्षभर ओठ हलवत होत्या. त्या तक्रार करणाऱ्यातल्या नाहीत.

परीक्षा देणाऱ्या मुलांच्या पालकांना जानेवारीतच चिठ्ठी देईन: कुठला राग कुठपर्यंत झाला, काय राहिलं, किती रियाज लागेल. चाली बांधण्याचा तास त्यांना वाया वाटू शकतो, आणि त्यांना न विचारता तो मी सुरू केला होता.

जोड्यांबद्दल माझं अजून नक्की झालेलं नाही. मोठी माणसं पाचच आणि मुलं नऊ, हा हिशेब दर वर्षी असाच येणार. या वर्षी दोन मुलांमागे एक मोठं, असं तिघांचं करून बघते आहे. काकांना त्यात दोन मुली मिळाल्या आहेत आणि दोघींची अक्षरं मोजून देताना त्यांना वही दोन रंगांत लिहावी लागते.

आजींच्या ओव्या सुरुवातीलाच रेकॉर्ड करून ठेवायला हव्या होत्या. मधे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी त्या तीन रविवार आल्या नाहीत तेव्हा ही चूक लक्षात आली. आता तो मुलगा मोबाइलवर करतो आहे, आतापर्यंत एकतीस झाल्या.

गेल्या रविवारी त्याचं नवं माप घेतलं. खालचा सूर भरीव झाला आहे, वर धैवतापर्यंत न फाटता जातो, दम दहा मात्रांचा. षड्ज काळी एकवरून किंचित वर सरकतोय असं वाटतं. त्याने विचारलं, ‘‘टीचर, पांढरी दोन धरू का आता?’’ मी म्हटलं, दिवाळीपर्यंत थांबू. तो वहीत तसं लिहून घेऊन पेटीकडे गेला, आणि आजींनी विचारलं की पांढरी दोन धरली तर आमची ओवी काळ्यांवर बसेल का रे. नाही बसणार. त्यावर दोघांचं बोलणं बारा वाजून गेले तरी चालू होतं.